काळ्या मखमलीवरची पांढरी पूड

पहाटेची नमाज झाली की अब्दुल कादर नव्या दुकानाचं दार उघडतो, खिशातून काळ्या मखमलीचा चार बोटं रुंद तुकडा काढतो आणि डावीकडच्या भिंतीवर तळहाताने दाबून धरतो. मनात शंभरपर्यंत मोजतो, मग तुकडा उजेडात नेऊन बघतो. त्यावर पांढरी पूड असते. ती कालच्यापेक्षा कमी आहे की जास्त, यावर त्याचा उरलेला दिवस कसा जाणार ते ठरतं.

कादर टोप्या शिवतो. मलाय पुरुष ईदला आणि लग्नात घालतात त्या काळ्या, मखमली. वय एकसष्ट. तीस वर्षं त्याने पिनांगमधल्या एकाच व्हरांड्यात मशीन मांडून काढली. गेल्या वर्षी ती इमारत हॉटेलवाल्याने घेतली आणि कादरला रमजानपर्यंत उठायला सांगितलं. त्याच सुमारास दोन गल्ल्या पलीकडचं वक्फचं जुनं दुमजली दुकानघर भाड्याने निघालं. अर्ज बरेच आले, घर कादरला मिळालं. अटी दोन होत्या. दुरुस्ती जुन्या पद्धतीने, चुन्यात करायची. आणि रमजानच्या पहिल्या दिवशी कोरड्या, धड घरात धंदा सुरू झालेला दिसला पाहिजे. नाही दिसला, तर घर यादीतल्या पुढच्या माणसाला. पुढचा माणूस कॉफीवाला होता. तो दर आठवड्याला येऊन घराचे फोटो काढून जायचा.

अकरा वर्षं त्या घरात माणूस राहिला नव्हता. आधीच्या भाडेकरूने खिडक्या विटांनी बुजवून आत पाकोळ्या ठेवल्या होत्या, त्यांची लाळेची घरटी सूप करणाऱ्यांना विकायला. पाकोळ्यांना दमट अंधार लागतो, म्हणून दिवसरात्र यंत्राने पाण्याचा फवारा चालायचा. अकरा वर्षं विटा पाणी आणि विष्ठेतले क्षार पीत राहिल्या. अशा खोलीत मखमल ठेवली तर आठवड्यात बुरशी धरते.

चुन्याचं काम जाणणारे गवंडी आता थोडे उरलेत. त्यातले खोर तेईक बेंग चौऱ्याहत्तर वर्षांचे. सगळी गल्ली त्यांना आपेक म्हणते, म्हणजे काका. त्यांनी खिडक्या मोकळ्या केल्या, सिमेंटचा गिलावा खरवडून काढला आणि चुन्याचा पातळ थर दिला.

‘‘आता मीठ बाहेर येईल,’’ ते म्हणाले. ‘‘आलं की कोरड्या झाडूने झाडायचं. पाण्याचा थेंब लावायचा नाही.’’

‘‘किती दिवस, आपेक?’’

‘‘भिंतीला विचार. मला काय विचारतोस?’’

पाच महिने कादरने भिंती झाडल्या. मिठाची पूड कमी होत गेली. रमजान अकरा दिवसांवर आला तेव्हा आपेक चार दिवसांसाठी लेकीकडे इपोहला गेले.

कादरला एक गोष्ट आत टोचत होती. विष्ठेने माखलेली भिंत झाडूने झाडली, तरी ती पाक कशी होणार? या खोलीत तो रोज नमाज पढणार होता. इथे शिवलेल्या टोप्या घालून लोक मशिदीत जाणार होते. त्याने आणि बायकोने, जमीला बीवीने, नळाला पाइप जोडला आणि चारी भिंती वरपासून खालपर्यंत तीनदा धुतल्या, वाहत्या पाण्याने, रिवाजाप्रमाणे. मग दोघांनी समाधानाने चहा घेतला.

तिसऱ्या दिवशी भिंतींना मिठाची पांढरी लव फुटली. आपेक इपोहहून परतले ते उंबऱ्यातच थांबले.

‘‘कोणी केलं?’’

‘‘मी धुतल्या. घाण होती ती, आपेक.’’

‘‘ती घाण मी पाच महिने बाहेर ओढत होतो. तू एका दुपारी परत आत घातलीस. टोपीला धूळ लागली तर नळाखाली धरतोस का?’’

‘‘नाही. ब्रश मारतो.’’

‘‘मग?’’

 कादरने विचारलं, ‘‘आता किती?’’

‘‘चाळीस दिवस. त्यापुढे तुझं नशीब.’’

रमजानला आठ दिवस होते. दुसऱ्या पहाटेपासून कादरने मखमलीचे तुकडे दाबायला सुरुवात केली. प्रत्येक तुकडा तो पुठ्ठ्यावर टाचून खाली तारीख लिहायचा. झोप उडाली होती. शिवण वाकडी जात होती, जी तीस वर्षांत गेली नव्हती.

‘‘अहो, एक हात रंगाचा मारा,’’ जमीला म्हणाली. ‘‘तपासणीपुरता. ते लोक काय भिंत चाटून बघणार आहेत?’’

‘‘आतलं पाणी जाईल कुठे?’’

‘‘हे पाइप धरला तेव्हा सुचलं नाही?’’

कादरने प्लॅस्टिक रंगाचा डबा आणला. रंगाखाली पाणी अडतं आणि दोन महिन्यांत पापुद्र्यांबरोबर विटांची तोंडंही सुटून येतात, हे आपेकनी त्याला दाखवलेलं होतं. डबा कोपऱ्यात राहिला. कादर दिवसातून चारदा त्याच्याकडे बघायचा.

रमजानच्या आदल्या दुपारी वक्फच्या कार्यालयातून रोझिया नावाची तरुण अभियंता आली. तिने ओलावा मोजायचं यंत्र भिंतीला लावलं. काटा लाल पट्टीत गेला. दुसरीकडे लावलं, तिथेही लाल.

‘‘आणि हा डबा, काका?’’

‘‘घाबरून आणला. उघडलेला नाही.’’

तिने झाकण तपासलं. मग कादरने पाइपाची हकिगत सांगितली आणि पुठ्ठा पुढे केला. सात तुकडे होते. पहिला पिठात लोळल्यासारखा, सातवा राखाडी. तिने एकेक तुकडा खालच्या तारखेशी ताडून बघितला.

‘‘धंदा इथल्याच व्हरांड्यात सुरू केलाय, असं लिहिते. खोलीत मखमल ठेवायची नाही. चाळीस दिवसांनी मी पुन्हा येईन. तेव्हा काटा लाल असेल, तर माझ्या हातात काही नाही.’’

पहिल्या रोज्याच्या दिवशी कादर स्वतःच्याच दुकानाच्या बंद दाराकडे पाठ करून व्हरांड्यात बसला. एक जुनं गिऱ्हाईक डोकं मोजून घेता घेता म्हणालं, ‘‘घर मिळालं म्हणे तुला! मग अजून बाहेरच?’’

‘‘भिंत वाळतेय.’’

दुपारी कॉफीवाला आला, समोरून एक फोटो काढला आणि सलाम करून गेला.

दुसऱ्या पहाटे कादरने नववा तुकडा उजेडात धरला. त्याला पूड आठव्यापेक्षा कमी वाटली. त्याने तो जमीलाला दाखवला. तिला दोन्ही सारखेच दिसले.