अ‍ॅम्प्लिफायर बघायला गेलो आणि बाबांसमोर खोटं बोललो

मंडळी, आज स्वतःचीच लाज वाटून राहिली.

घरी गाणी ऐकायला पहिला व्हॉल्व्हचा, म्हणजे जुन्या रेडिओसारख्या काचेच्या नळ्यांचा अ‍ॅम्प्लिफायर घ्यायचाय. बाबांना घेऊन नांदेडहून लातूरला गेलो. तिथले एक हौशी गृहस्थ घरीच असे अ‍ॅम्प्लिफायर बनवतात.

त्यांनी विचारलं, "काय काय ऐकता? त्यावरच कोणता घ्यायचा ते ठरतं."

खोलीभर शास्त्रीय संगीताच्या रेकॉर्डी बघून मी म्हणालो, "गझल आणि शास्त्रीय. बस."

आमच्या घरी रोज भीमगीतं वाजतात. बाबांनी गायनपार्टीत कितीतरी वर्षं ढोलकी वाजवली. ते शेजारीच बसले होते.

गृहस्थांनी कमी ताकदीचा, गोड आवाजाचा अ‍ॅम्प्लिफायर सुचवला.

परत येताना एसटीत बाबांनी हळूच विचारलं, "आपली गाणी त्या मशिनीवर वाजत न्हाईत का रे?"

मी तिथूनच फोन लावला आणि त्या गृहस्थांना खरं सांगून टाकलं.

"मग हा नका घेऊ," ते म्हणाले. "ढोलकीला ताकदीचा लागतो. पुढच्या वेळी तुमची गाणी घेऊन या, लावून बघू."

बाबांनी फोनला कान लावून सगळं ऐकलं होतं. म्हणाले, "माणूस तर लई चांगला हाय. तू कशाला भ्यालास?"

खरंच, कशाला भ्यालो? तुम्हीही कधी आपली गाणी अशी लपवलीत का?