पाटावरून उठताना

दत्तू पाटावरून उठला नाही. ताक पिऊन त्यानं वाटी खाली ठेवली, तशी मी नेहमीप्रमाणे पाठ फिरवली. उठताना कुणी बघितलेलं त्याला खपत नसे. उजवा तळवा फरशीवर टेकायचा, एक हुंकार द्यायचा, मग उठायचा. तो आवाज येईपर्यंत मी चुलीकडे तोंड करून थांबायचे. त्या दिवशीही थांबले... बराच वेळ थांबले. शेवटी वळून बघितलं, तर भिंतीला टेकून बसलेला, मान छातीवर. गेला होता.

माझा धाकटा भाऊ. महिना होऊन गेला. शेजारचे म्हणाले, पेपरात लिहा. मी चौथीपर्यंत शिकलेली, जमेल तसं लिहिते.

इंग्रजांचं राज्य होतं तेव्हा आमचं घर हुबळीच्या कमरीपेठेत. आई नव्हती, नवरा गेल्यावर मी माहेरी आले होते, घर माझ्याकडेच होतं. दत्तू हॉकी खेळायचा. डावीकडून चेंडू घेऊन सुटला की कानडी, मराठी सगळ्या पोरांची बोंब एकच. पंधराव्या वर्षी खांद्याचं हाड मोडलं, ते जुळलं. सतराव्या वर्षी गुडघा पिरगळला, तो मात्र नीट बसला नाही. हाडवैद्यानं पट्टी बांधली, मी लेप लावले, आणि सूज उतरायच्या आत हा पुन्हा मैदानावर. धावताना काही कळायचं नाही. कळायचं ते घरी, बसून उठताना.

हणमंतण्णा एका कारखान्याच्या संघासाठी पोरं निवडायचा. निवड झाली की तिथंच नोकरी. स्वतः एके काळचा नावाजलेला खेळाडू. दत्तूचा खेळ बघून तो म्हणाला, "मैदान झालं. आता तुमच्याकडे जेवतो." मला वाटलं, एकटा माणूस, पोळ्यांवर डोळा आहे. पुरण घातलं. दोघं शेजारी बसले. जेवण झालं तरी हणमंतण्णा गप्पाच मारत राहिला, उष्टा हात वाळेपर्यंत. पाहुण्याआधी दत्तूला उठता येईना, आणि बसून बसून गुडघा आखडत चाललेला. मग एकदम म्हणाला, "एळो दत्तू, आधी तू ऊठ."

दत्तू उठला. हात न टेकता, सरळ. वरच्या ओठावर घाम आला होता.

हणमंतण्णा मात्र दोन्ही हात टेकून उठला. "तुझ्या वयात मीही असंच उठून दाखवलं होतं," म्हणाला. मला तो तंगी म्हणायचा, म्हणजे धाकटी बहीण. "तंगी, रोज कसा उठतो हा?"

दत्तू माझ्याकडे बघत होता.

"हात टेकून," मी म्हटलं.

"पोरगा माझ्यापेक्षा सरस आहे. म्हणूनच आज घेत नाही. वर्षभर स्टिकला हात लावू देऊ नको. मग मीच न्यायला येतो."

तो गेल्यावर दत्तू म्हणाला, "खरं बोलायला आजचाच दिवस सापडला तुला?"

"विचारलं, सांगितलं."

"भाऊ ना मी तुझा, अक्का?"

"म्हणूनच. परका असतास तर म्हटलं असतं, जा, घे मोडून पाय."

वर्षभर कुठला थांबतोय. पावसाळ्याच्या आतच धारवाडच्या एका संघातून खेळला आणि गुडघा कायमचा गेला. हणमंतण्णा येऊन त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून बसला. पुढं दत्तूचं आयुष्य कोप्पीकर रोडवरच्या दुकानात कापड मोजण्यात गेलं. लग्न केलं नाही. हणमंतण्णा वारला, तेव्हा लंगडत स्मशानापर्यंत चालत गेला, टांग्यात बसला नाही. म्हातारपणी मी टेबल-खुर्ची आणू म्हटलं, तर नाही. पाटच हवा. एकदा जेवता जेवता आपणहून म्हणाला, "हणमंतण्णानं बरोबर ओळखलं होतं."

"आणि मी?"

"तू वाढ गुमान..."

त्या विषयावर यापेक्षा जास्त तो कधी बोलला नाही.

पाट अजून भिंतीशीच आहे. त्याच्या उजवीकडची फरशी तळवा टेकून टेकून गुळगुळीत झाली आहे. जेवण झालं की पुसते. हणमंतण्णा जेवायला आला त्या दुपारी स्वयंपाकघरात आम्ही तिघं होतो. हणमंतण्णा गेला. दत्तू गेला. मी आहे.