आठशे छत्तीस तुकडे आणि एक शिंक

खाजाभाईंचा दिवस पहाटे पावणेपाचला सुरू होई. गजर लागत नसे. सदतीस वर्षे धुळ्यात यंत्रमागावर काढल्यावर अंग आपोआप उठते, माग राहिलेला असो वा नसो. माग राहिला नव्हता. शेठने चोवीस माग भंगारात घातले, त्याला चार वर्षे झाली होती. तरी खाजाभाई पावणेपाचला उठत, नमाज पढत, चहा ठेवत आणि जरीनाबींना हाक मारत. दुसऱ्या हाकेला शेजारचा रुपचंद उठे. तिसऱ्या हाकेला त्याचा कुत्रा उठे. जरीनाबी झोपलेल्याच.

त्यांचे कान गेले होते. मागांच्या शेडच्या भिंतीला पाठ लावून त्यांनी वीस वर्षे सुताच्या कांड्या भरल्या होत्या. डॉक्टरांनी कानाचे यंत्र सांगितले. भिवंडीला असलेला मुलगा जुनैद फोनवर म्हणाला, "अब्बा, मी पाठवतो."

"नको. कान माझ्या मागापायी गेले. यंत्रही माझ्याच हातचं येईल."

बोलणे सोपे होते. सहासष्टाव्या वर्षी हाताला काम राहिले होते ते एकच, बाजा विणायचे. आणि लोक आता पलंग घेतात.

देवपुरातल्या सुकदेव सरांकडे अजून बाज होती. सर हायस्कुलात विज्ञान शिकवत. निवृत्त होऊन त्यांना बावीस वर्षे झाली होती. खाजाभाई त्यांच्या अंगणात नवार ओढत बसले होते, तेव्हा आत सर आणि त्यांची मुलगी सुलक्षणा यांचे वाजत होते. सुलक्षणा जळगावच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होती.

"आप्पा, तीन दुकानं फिरले. तिघंही म्हणाले, भंगारात द्या."

"त्यांनाच द्या म्हणावं भंगारात!"

सर एक कॅसेट हातात धरून बाहेर आले. तिच्यातून तपकिरी फीत कोंबडीच्या आतड्यासारखी लोंबत होती. खाजाभाईंनी पाहिले आणि त्यांना बसवेना. सदतीस वर्षांत असा गुंता त्यांनी कुणाच्या हातात राहू दिला नव्हता.

"द्या इकडं."

पाऊण तासात त्यांनी गुंता सोडवला, पेन्सिलीने फीत गुंडाळली. सर पाहतच राहिले. आत लोखंडी पेटीत अशा एक्केचाळीस कॅसेटी होत्या. काहींना बुरशी, काहींची फीत तुटलेली.

त्यांची गोष्ट अशी. सरांना विज्ञानकथांचे वेड. मुंबई-पुण्याचे विज्ञानकथा लिहिणारे लेखक धुळ्याला व्याख्यानाला येत, तेव्हा चाळीसगावला उतरून धुळ्याच्या गाडीची वाट बघत बसत. दोन तास, कधी तीन. सर रेकॉर्डर घेऊन आधीच चाळीसगावला जाऊन थांबत आणि लेखकाला बाकावर गाठत. लेखकाला पळायला जागा नसे. चौदा वर्षे सरांनी हे केले. काही लेखक घरी जेवायलाही आले. आता त्यांतले बहुतेक हयात नव्हते, आणि काहींचा आवाज या पेटीबाहेर कुठेच नव्हता. सुलक्षणाच्या कॉलेजात अशा मुलाखती मौखिक इतिहास म्हणून जपायचे काम सुरू झाले होते. कॅसेटी वाजल्या पाहिजेत, एवढीच अट होती.

"चाचा, तुम्ही कराल?" सुलक्षणाने विचारले. "कॉलेज कॅसेटमागे मजुरी देईल."

खाजाभाईंनी मजुरी विचारली नाही. कानाच्या यंत्राला पुरेल का, एवढेच विचारले. ती म्हणाली, "एक्केचाळीस झाल्या तर पुरेल."

सुरुवात वाईट झाली. तुटलेल्या फितीला त्यांनी विणकराची गाठ मारली. ही गाठ इतकी बारीक बसते की बोटाला लागत नाही. रेकॉर्डरला लागली. "माणूस उद्या चंद्रावर," असे लेखक म्हणाले आणि खट् करून थांबले. तीनदा लावली. तिन्ही वेळा लेखक चंद्राच्या दारातून परत आले. मग सुलक्षणाने खास चिकटपट्टी मागवली. टोके तिरपी कापायची, एकमेकांना भिडवायची, वरून पट्टी. खाजाभाईंनी रिकाम्या फितीवर दोन दिवस हात बसवला आणि तिसऱ्या दिवशी खऱ्या कामाला लागले.

तेवढ्यात सरांचे डोळ्याचे ऑपरेशन ठरले आणि ते दोन महिन्यांसाठी लेकीकडे जळगावला गेले. सरांच्या पत्नी मंजुळाबाई घर सांभाळायला मागे राहिल्या. खाजाभाई रोज नऊला येत, पुढच्या खोलीत कानाला हेडफोन लावून बसत, दोनला उठत. मंजुळाबाई दोनदा चहा आणून ठेवत. बोलणे होत नसे. हेडफोनमुळे खाजाभाईंना ऐकू येत नसे, आणि कामात माणसाला हाक मारू नये, हे मंजुळाबाईंना शेतकऱ्याच्या घरात शिकवलेले होते.

फिती जुळल्या. बुरशी गेली. पण कॅसेटी वाजू लागल्या तेव्हा खाजाभाईंना त्यांतली एकेक खोट, एकेक दोष ऐकू येऊ लागला.

मागावर त्यांचे नाव होते. चोवीस माग खडखडत असताना एक धागा तुटला तर त्यांना पाठमोरे असताना कळे. त्यांच्या ताग्यावर तपासणीवाल्याने खोटीची खूण केली, असे वर्षातून एखादेच वेळी होई, आणि त्या दिवशी ते जेवत नसत. आणि इथे? लेखक बोलतोय, मध्येच खोकला. मध्येच चहावाला. मध्येच मालगाडी. असला माल हातातून जाऊ द्यायचा?

खाजाभाईंनी ब्लेड घेतले.

काम सोपे नव्हते. खोट ऐकायची, फीत थांबवायची, पांढऱ्या पेन्सिलीने खूण करायची, कापायचे, जोडायचे, परत ऐकायचे. एका खोकल्याला वीस मिनिटे. खोकला साधारण तीन बोटे भरे. चहावाला दीड वीत. मालगाडीला घरून वाराची पट्टी आणावी लागली. सरांनी मुलाखती फितीच्या एकाच बाजूवर घेतल्या होत्या, म्हणून बरे, नाहीतर पलीकडची बाजूही कापली गेली असती. दोन महिन्यांत एक्केचाळीस कॅसेटी धुतल्या कापडासारख्या झाल्या.

सर काळा चष्मा लावून परतले. सोबत सुलक्षणा, कॉम्प्युटर घेऊन. सगळे पुढच्या खोलीत बसले. सर म्हणाले, "आधी झुलाल नाना लावा."

झुलाल नाना साक्रीकडचे. शेती करत आणि रात्री चंद्रावरच्या शेतीच्या गोष्टी लिहीत. बोलत ते अहिराणीत. ही मुलाखत याच घरात, जेवताना झाली होती. खाजाभाईंनी कळ दाबली आणि हात मांडीवर ठेवून बसले. तागा पास होताना ते असेच बसत.

दोन मिनिटे झाली. सर पुढे वाकले.

"खाजाभाई, हा श्वास का घेत नाहीये?"

"कोण, सर?"

"नाना! दमेकरी माणूस. एका वाक्यात दोनदा थांबायचा. इथं तर मेलगाडीसारखा सुटलाय."

"काढला सर."

"काय काढलं?"

"श्वास. मोठे मोठे होते."

सरांनी चष्मा काढला. डॉक्टरांनी काढू नका म्हणून सांगितले होते. "आणखी काय काढलं?"

"खोकले काढले, चहावाला काढला, गाड्या काढल्या. तुमचं 'हं, हं' तर लई होतं सर. एकेका कॅसेटमध्ये वीतभर."

दारातून मंजुळाबाई म्हणाल्या, "आणि मी? नाना जेवत होते तेव्हा मी बोलले होते."

खाजाभाईंनी खाली पाहिले. "अक्का, तुम्ही मध्येच भाकरी विचारत होत्या."

"म्हणजे मला काढलं?"

"पाच ठिकाणी."

"पंचेचाळीस वर्षांत यांनीही मला पाचदा मध्येच तोडलं नाही," मंजुळाबाई म्हणाल्या आणि आत गेल्या. आतून भांडे जरा जोरात ठेवल्याचा आवाज आला.

टेप चालूच होता. सरांचा जुना आवाज विचारत होता, "नाना, शंभर वर्षांनी खानदेशात माणूस राहील का?" आणि नानांचे उत्तर ताबडतोब आले, "ऱ्हाई. पन बठ्ठा नही." राहील, पण सगळे नाही.

सुलक्षणाने टेप बंद केला. "आप्पा, नाना असे पटकन बोलले होते?"

"पटकन? हातातला घास ताटात ठेवला. मला वाटलं, रागावले. किती तरी वेळ गप्प बसले, मग बोलले."

"चाचा, किती वेळ?"

"वेळ नाही सांगता येणार," खाजाभाई म्हणाले. "दोन मीटरला चार बोटं कमी."

सर बंद टेपकडे बघत राहिले. टेप चालू असता तर तेवढीच फीत पुन्हा खर्ची पडली असती. मग सुलक्षणा हळूच म्हणाली, "चाचा, ते गप्प बसणंच तर महत्त्वाचं होतं. चहावाला, आईची भाकरी, सगळंच. माणूस कुठे बसून, कसा बोलला, ते जपायचंय. ही कापलेली टेप कॉलेज घेणार नाही. तुमची मेहनत मी पाहतेय, पण मजुरीसुद्धा मला..."

खाजाभाईंच्या डोळ्यांसमोर कानाच्या यंत्राची छोटी डबी आली. नंतर जरीनाबी आल्या. दोन महिने रोज पाच तास, आणि माल सगळा नापास.

"मग तुकडे परत लावू?" त्यांनी विचारले.

"कुठून आणणार? तुम्ही ते फेकले असतील ना?"

खाजाभाईंना पहिल्यांदाच राग आला. "फेकीन कशाला? मी काय चोर आहे?"

मागावर एक रीत असते. सूत शेठचे. विणताना वाया गेलेले सूतही शेठचे. ते पोत्यात भरून परत वजन करून द्यायचे, नाहीतर कामगाराने सूत विकले असे समजतात. खाजाभाईंनी सदतीस वर्षांत एक दोरा घरी नेला नव्हता. त्यांनी कोपऱ्यातले पोते ओढले आणि तोंड सोडले. आत जुन्या कॅलेंडरच्या चिठ्ठ्या होत्या. एकेका चिठ्ठीला फितीचा एक तुकडा चिकटवलेला. वर पेन्सिलीने कॅसेटचा नंबर, कितवा जोड, लांबी. तुकडे आठशे सदतीस.

सर एक चिठ्ठी डोळ्यांजवळ नेऊन वाचू लागले. "'कॅसेट सात, जोड अकरा, अक्का, भाकरी, सव्वा वीत.'" मग त्यांना हसू आवरेना. "अगं ए, ये बाहेर! तू पोत्यात आहेस!"

जोडायला आणखी दोन महिने लागले. कापताना वीस मिनिटे, जोडतानाही वीस. आधीचा जोड सोडवायचा, तुकडा उलटा-सुलटा पाहायचा, दोन्हीकडून भिडवायचा. एका मजुरीत दोनदा काम. खाजाभाईंनी तक्रार केली नाही. खोट त्यांची होती. मंजुळाबाई मात्र आता रोज विचारत, "आज कुठवर आले? मी कधी येणार?" त्यांचे पाचही तुकडे बसले त्या दिवशी चहाबरोबर शेव आली.

आठशे छत्तीस तुकडे जागेवर गेले. एक उरला. चिठ्ठीवर चहा सांडून नंबर पुसला होता, आणि बाकीच्या चिठ्ठ्या तुकडे बसताच रद्दीत गेल्या होत्या, म्हणून कुठला नंबर चुकतोय तेही कळेना. रिकाम्या फितीला जोडून वाजवून पाहिला. शिंक होती.

सुलक्षणा म्हणाली, "चाचा, एका शिंकेसाठी आता थांबायला नको. आम्ही तशी नोंद करून ठेवू."

"तुमच्याकडं चालत असेल. माझ्या हातात धागा उरला म्हणजे कापडात कमी पडला. मी देणार नाही."

शिंक सगळ्यांना ऐकवली. सर म्हणाले, "ही माझी नाही. मी असा शिंकत नाही."

"तुमचीच," मंजुळाबाई म्हणाल्या.

"मी इतका किरटा शिंकतो?"

"तिसरी अशीच असते. तुम्ही कायम तीन शिंकता. पहिली दोन दणक्यात, तिसऱ्या वेळी दम संपलेला. आणि मिरच्यांशिवाय शिंकत नाही."

मिरच्या म्हणजे घर नव्हे, घरी त्या सर असताना कुटल्या जात नसत. म्हणजे चाळीसगावचा फलाट, तिथे उतरवलेली मिरचीची पोती. चाळीसगावच्या सव्वीस कॅसेटी पुन्हा ऐकल्या. चौथ्या दिवशी सापडले. सर दोनदा शिंकले, दणक्यात. आणि लगेच लेखकाचा आवाज, "झाल्या तिन्ही? आता विचारा."

खाजाभाईंनी हेडफोन काढला. "तिन्ही म्हणतोय आणि दोनच आहेत."

त्यांनी जोड सोडवला, शिंक भिडवली, पट्टी लावली. मग सगळ्यांनी ऐकले. दोन दणक्यात, एक किरटी. सर म्हणाले, "माझीच आहे." मंजुळाबाई चहा ठेवायला आत गेल्या.

कॉलेजने एक्केचाळीस कॅसेटी घेतल्या. मजुरी एकाच वेळची मिळाली, पण पूर्ण मिळाली. खाजाभाई जरीनाबींना घेऊन त्याच आठवड्यात कानाच्या दुकानात गेले.

दुसऱ्या दिवशी पावणेपाचला उठले, नमाज पढले, चहा ठेवला आणि नेहमीच्या आवाजात हाक मारली.

जरीनाबी ताडकन उठून बसल्या. यंत्र रात्री काढायचे असते, ते त्यांनी काढलेच नव्हते. "जुनैदके अब्बा, चिल्लाते कायको?"

दोघे चहा घेऊन बसले. त्यांनी बशीतून घोट ओढला. जरीनाबींनी कान टवकारले. दुसऱ्या घोटाला त्यांनी नवऱ्याकडे वळून पाहिले.

"इतनी आवाज? रोज ऐसेच पीते?"

"काढून टाकू?" खाजाभाईंनी विचारले. विचारताना त्यांचा आवाज नको तितका हळू झाला होता.

जरीनाबींनी थोडा वेळ विचार केला. अर्धा मीटर असेल.

"रहने दो," त्या म्हणाल्या आणि शेजारी रुपचंदचा कुत्रा भुंकायला लागला तसे त्यांनी यंत्र काढून डबीत ठेवले.