सीडी घरातच करायची

आमच्या घरात कंप्युटर आला तो माझ्या हट्टानं. माझं माहेर कोल्हापुरातलं. लग्नाआधी मी डीटीपीचा कोर्स केलेला, आणि लग्न होऊन आले हुपरीला, जिथं घरटी चांदीचा धंदा. माझे सासरे पैंजण करायचे. त्यांना मी मामा म्हणायची. पुढच्या खोलीत ते आणि माझा नवरा ठोकाठोक करत बसायचे, मागच्या खोलीत आम्ही बायका घुंगरं जोडायचो. चार वर्षं मी घुंगरं जोडली. हाताला सवय झाली, मनाला झाली नाही, हे आता कबूल करायला हरकत नाही.

दोन हजार साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. मशीनचा माल स्वस्तात यायला लागला होता आणि हातकामाला गिऱ्हाईक कमी झालं होतं. मामांकडं मात्र एक गोष्ट होती जी मशीनवाल्याकडं नव्हती. त्यांनी आयुष्यभर स्वतःच्या मनानं काढलेले चाळीसेक नमुने. एकेका नमुन्याचा एकेक पैंजण पत्र्याच्या डब्यात, डब्याला कुलूप, किल्ली कायम करगोट्याला. व्यापारी घरी आला की डबा उघडायचा, समोर बसून दाखवायचं आणि तो उठायच्या आत डबा बंद. तरणेपणी एकदा फसले होते म्हणे, तेव्हापासून नमुना एकट्यानं उंबऱ्याबाहेर जात नसे.

त्या आठवड्यात दक्षिणेकडचा एक मोठा व्यापारी कोल्हापुरात लॉजवर उतरला होता. हुपरीपर्यंत यायला त्याला सवड नव्हती. त्यानं निरोप धाडला, की नमुन्यांच्या फोटोंची सीडी द्या, तिकडं आमच्या लोकांना दाखवतो आणि ऑर्डर कळवतो. शनिवारी संध्याकाळी त्याची गाडी होती.

मामांनी एका शब्दात उडवून लावलं. मी मागं लागले. दोन दिवस जेवायला वाढताना दुसरा विषय नाही. नवरा म्हणाला, "हिला कंप्युटरचं कौतुक, म्हणून घरातलं सोनं गावाला दाखवायचं?" मी म्हटलं, डब्यात ठेवून सोनं वाढतंय का? शेवटी मामांनी किल्ली काढली. म्हणाले, "काढ फोटो. पण सीडी घरातच करायची. दुकानातल्या मशीनवर माझा एक नमुनाबी जाता कामा नये. जाईल का?" मी म्हटलं, "न्हाय जायचा. माझा शब्द हाय." ते इतक्या सहज विश्वासतील असं मला वाटलं नव्हतं.

भावाचा डिजिटल कॅमेरा आणला. येताना ज्या दुकानातून कंप्युटर घेतला होता तिथूनच पन्नास कोऱ्या सीड्यांचा डबा घेतला. पांढऱ्या चादरीवर एकेक पैंजण ठेवून मंगळवारपर्यंत फोटो काढले. फ्लॉपीत त्यातले दोनसुद्धा मावले नसते, आणि फोनवरचं इंटरनेट तर फोन वाजला की तुटायचं. सीडीशिवाय गत्यंतर नव्हतं.

बुधवारी सकाळी कंप्युटरच्या सीडी-राइटरमध्ये सीडी घातली, बटण दाबलं. अर्ध्या मिनिटात ट्रे बाहेर आणि पडद्यावर 'पॉवर कॅलिब्रेशन एरर'. दुसरी घातली, तेच. तिसरी, तेच. नवरा मागून बघत होता. म्हणाला, "पॉवर म्हंतंय म्हंजे लाईटचं काम हाय," आणि शेजारच्यांचा स्टॅबिलायझर उचलून आणला. त्यानं काही झालं नाही. मी वेग सोळावरून चारावर आणला, बाकीचे सगळे प्रोग्रॅम बंद केले, मशीन तीनदा बंद-चालू केलं, आतली चपटी केबल काढून फुंकर मारून परत घातली. घोडं कुठं पेंड खातंय तेच कळेना. संध्याकाळपर्यंत अकरा सीड्या वाया. मामा आपल्या पाटावरून बघत होते.

गुरुवारी कंप्युटरचा डबा चादरीत गुंडाळला आणि मांडीवर घेऊन एस.टी.त बसले. जायच्या आधी मामांसमोर त्यातले फोटो पुसले, फोटो फक्त कॅमेऱ्यात राहिले. कंडक्टर म्हणाला, "ताई, लेकराचं अर्धं तिकीट काढाय लागंल की." मला हसायला आलं नाही.

दुकानदार माणूस तसा बरा, पण तोंडाळ. त्यानं आपल्याकडची एक कोरी सीडी घातली, दोन-चार गाणी टाकली, आणि सीडी बिनबोभाट तयार झाली. "वैनी, मशीन ठणठणीत हाय. तुमचाच हात नीट लागला न्हाय." मी निमूट परत आले. घरी लावलं, आणि परत तोच एरर.

शुक्रवारी परत एस.टी., परत कोल्हापूर. या वेळी त्यानं राइटर उघडला आणि पॉलिशची धूळ दाखवली. "चांदीच्या कारखान्यात कंप्युटर ठेवल्यावर दुसरं काय होणार?" कापसाच्या काडीनं भिंग पुसलं, आपली सीडी घातली, झाली. घरी आल्यावर माझी घातली, नाही झाली. नवरा म्हणाला, "नाचता येईना, अंगण वाकडं. इथून पुढं घुंगरं जोड, त्यात एरर येत न्हाय." मी ताट तसंच टाकून उठले. तो माझ्या हुशारीवर हसत होता. मामा फक्त एवढंच म्हणाले, "न्हाय झालं तर राहू दे पोरी." त्यांच्या आवाजात सुटका होती, आणि तीच मला जास्त लागली.

शनिवारी मी इरेला पेटले होते. कंप्युटरमधले फोटो परत पुसले आणि तो पुन्हा चादरीत बांधला. डब्यातल्या उरलेल्या सीड्यासुद्धा पिशवीत कोंबल्या, म्हटलं आज दुकानदाराच्या तोंडावर फेकते. आणि कॅमेरापण घेतला. कुणाला न सांगता घेतला. तो का घेतला, हे मी तेव्हा स्वतःलाही विचारलं नाही.

दुकानात गेल्या गेल्या सीड्यांचा गठ्ठा त्याच्या टेबलावर आदळला. "तुमच्या सीड्याच कुजक्या हाईत." त्यानं त्यातली एक माझ्या मशीनमध्ये घातली, एरर आला. दुसरी घातली, एरर आला. त्यानं सीडी ट्यूबलाईटसमोर धरली आणि नुसता बघत राहिला. मग माझ्याकडं दिली. मधल्या भोकाच्या कडेला, जिथून चकचकीत भाग सुरू होतो तिथं, तिळाएवढ्या खुणेतून पलीकडचा उजेड येत होता. दुसऱ्या सीडीला तिथंच. तिसरीलाही. त्यानं भिंग आणून बघितलं. "वैनी, ह्याच्यावर अक्षरं हाईत."

ती अक्षरं मला वाचायची गरज नव्हती. आमच्या घरातून जाणाऱ्या प्रत्येक पैंजणाच्या कडीवर ती असायची. मामांचा पोलादी शिक्का. माल घराबाहेर जायचा तर शिक्का मारूनच, हा त्यांचा नेम. सीडीतून नमुने बाहेर जाणार म्हटल्यावर, मी फोटो काढत होते त्या दुपारी, त्यांनी अख्खा डबा घेतला असणार आणि नेहमी माल मोजतात तसं कानडीत मोजत पन्नासच्या पन्नास सीड्यांवर हलक्या हातानं ठसा उठवला असणार. तोसुद्धा छापील बाजूला, म्हणजे खालच्या कामाच्या बाजूला धक्का नको. मी सीडी नेहमी कडेनं धरून घालायची, छापील बाजू कधी निरखून बघितलीच नव्हती.

दुकानदार हसून हसून बेजार झाला. म्हणाला, "खाली नुसतं प्लास्टिक असतंय वो. चांदी वरच्याच अंगाला असती, कागदासारखी पातळ. आणि मशीन लिहायच्या आधी ताकद आजमावतंय ते नेमकं त्या भोकाजवळ. तुमच्या मामांनी बरोब्बर वर्मावर घाव घातलाय." तीन दिवस मी राइटरला शिव्या दिल्या, दुकानदाराला दिल्या, स्वतःला दिल्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा. मला हसू आलं नाही, संताप आला.

तीन वाजून गेले होते. कोरी सीडी घेऊन हुपरीला जायचं आणि परत यायचं तर व्यापाऱ्याची गाडी निघून गेली असती. मी कॅमेरा बाहेर काढला. त्याची वायर घरी राहिली होती, त्यामुळं फोटो माझ्या मशीनमध्ये घेता येईनात. दुकानदाराच्या मशीनला कॅमेऱ्यातलं कार्ड बसायची खाच होती. तो म्हणाला, "द्या इकडं, दहा मिनटांचं काम." मी दिलं. मामांचे चाळीस नमुने त्याच्या पडद्यावर एकाखाली एक उमटले. पाठीमागं दोन गिऱ्हाइकं उभी होती, तीही वाकून बघत होती. सीडी झाली. "मशीनवरचं पुसताय न्हवं?" मी विचारलं. "पुसतो की, तुम्ही व्हा पुढं." मी पुढं झाले. पुसलेलं बघायला थांबले नाही. लॉजवर जाऊन सीडी व्यापाऱ्याच्या हातात दिली तेव्हा तो बॅग भरत होता.

घरी पोचले ती विजयी मुद्रेनंच. सगळे चहाला बसले होते. मी पिशवीतली सीडी काढली, दिव्यासमोर धरली आणि भोक दाखवलं. "बघा, कुणाचा हात नीट लागला न्हाय ते." नवरा आधी चक्रावला, मग जो हसत सुटला तो थांबेना. शेजारीपाजारी जमले. गल्लीत पुढं कितीतरी दिवस चालायचं, काय वो, आज कशाकशावर शिक्का मारला. मामांनी सीडी हातात घेतली, ठशावरून अंगठा फिरवला. म्हणाले, "आमचं हाय म्हणून कळाय नगं?" मग त्यांनी विचारलं, "आणि सीडी? आपल्याच मशीनवर केलीस न्हवं?"

मी म्हटलं, "व्हय, आपल्याच. माझ्या डोळ्यांदेखत."

ऑर्डर आली. चांगली मोठी आली, आणि त्यानंतर मला कुणी घुंगरं जोडायला बसवलं नाही. वर्षभरानं मी भावाच्या बायकोबरोबर कोल्हापुरात गुजरीत, सराफांच्या गल्लीत, गेले होते. एका दुकानात मशीनचे पैंजण टांगलेले होते आणि त्यात मामांचा वेलाचा नमुना होता. पान उलटं वळवायची ती त्यांचीच खोड, दुसऱ्या कुणाची असूच शकत नव्हती. मी एक जोड विकत घेतला. लपवून ठेवायचा विचार आला, खोटं कशाला बोलू, पण पोटात ठेववेना. संध्याकाळी मामांपुढं ठेवला.

त्यांनी चष्मा लावला, पैंजण उजेडात धरला, कड्या एकेक करून मागंपुढं केल्या. "सांधा चांगला घातलाय," म्हणाले. "आपल्या घरातनं तर गेलं न्हाय. म्हंजे त्या व्यापारी पावण्यानंच दिलं."

तेव्हा बोलायला हवं होतं. व्यापाऱ्यानं दिलं, की दुकानदाराच्या मशीनवर राहिलेल्यातून कुणी उचललं, की वाकून बघणाऱ्यातल्या कुणी, मला आजही माहीत नाही. पण दुकानातलं एक मशीन मध्ये होतं, हे घरात फक्त मला माहीत होतं. मामांची चूक मी गल्ली गोळा करून दाखवली होती. माझी दाखवायला तोंड उघडेना. नवरा शेजारीच बसला होता, आणि तो काय म्हणेल हे मला पाठ होतं.

मामांनी त्याच आठवड्यात व्यापाऱ्याला माल बंद केला. त्याचे फोन आले, काय चुकलं म्हणून विचारायला तो एकदा स्वतः हुपरीला आला. मामांनी त्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवलं. तो बिचारा माझ्याकडं बघून म्हणाला, "ताई, तुम्ही तरी सांगा, मी काय केलं?" मी आत जाऊन चहाचं आधण ठेवलं, आणि तो गेल्यावर ते ओतून टाकलं.