कुड्याची साल

काल कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या सरांनी कुड्याच्या सालीचा तुकडा हातात दिला. मी तो हळूच जिभेला लावला आणि त्या कडू चवीसरशी मुरबाडकडचं आमचं घर डोळ्यांपुढे आलं.

मी तेव्हा लहान होतो. आईला रक्ताची हगवण लागली होती आणि तिला उठवत नव्हतं. बा सकाळीच साल आणायला रानात गेला होता. दुपारी तो बांधावरून येताना दिसला, तसा मी धावत गेलो.

"बा, आय बरी होल ना?"

बा बोलला नाही. मी त्याचं धोतर धरून पुन्हा विचारलं. ओठ घट्ट मिटून तो चालतच राहिला. आई आता वाचत नाही, हे बाला कळलंय, असंच मला वाटलं. मी रडत त्याच्या मागे घराकडे निघालो.

घरी आत्याने साल ताकात उगाळली. माझं रडणं बघून ती म्हणाली, "अरे खुळ्या, औषद आणताना बोललं तर त्याचा गुण जातो. पोटात जाईस्तवर तो बोलायचा नाय."

आईने कसेबसे दोन घोट घेतले. बा मटकन खाली बसला.

"आता इचार, काय इचारत व्हतास?"

मला पुन्हा विचारायचा धीर झाला नाही.

आई पुढे बरी झाली. पण काल ती साल हातात असताना वाटलं, बोलायची मुभा असती, तर बाने मला काय सांगितलं असतं? कदाचित त्या नियमाचा आधार माझ्यापेक्षा त्यालाच जास्त होता.