हळव्या माणसाचा खेकडा

गादीवाला फार हळवा आहे, हे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. पत्ता नव्हता तो एकट्या गादीवाल्याला.

भानगड सुरू झाली ती लग्न होऊन महिना उलटायच्या आत. हा माणूस सोफे, खुर्च्या, गाड्यांच्या सीटा यांचं गादीकाम करायचा. त्या दिवशी दुकानात बसून त्यानं एका लांबलचक सोफ्याला फोम चिकटवला होता आणि हात जेमतेम धुऊन नव्या बायकोला सिनेमाला घेऊन गेला होता. फोम चिकटवायचा तो पिवळा गोंद म्हणजे महाबिलंदर प्रकार. साबणाला दाद देत नाही, नखांत लपून बसतो. पडद्यावर एक आजारी आई मुलाचे कपडे पेटीत भरत होती. गादीवाल्याला जांभई आली म्हणून त्यानं डोळा चोळला, मग दुसराही चोळला, आणि काही कळायच्या आत दोन्ही डोळ्यांना धारा लागल्या. बायकोनं अंधारात वळून पाहिलं. आपला रुमाल त्याच्या मुठीत दिला आणि पडद्यावरची आई मरेपर्यंत त्याचा हात धरून बसली.

आता अशा वेळी "अगं, गोंद गेलाय डोळ्यांत" असं कुठला नवरा सांगेल? त्यानं नाक ओढलं आणि मूग गिळून गप्प बसला. ते मूग त्याला पुढे तीसेक वर्षं पुरले.

कारण बायकोनं ही गोष्ट माहेरी सांगितली. "माझ्या वडिलांच्या डोळ्यांत मी कधी टिपूस पाहिलं नाही," ती म्हणाली, "आणि हे बघा, सिनेमातल्या परक्या आईसाठी रडतात." मेहुण्यांनी लगेच 'हळवे जावई' असं नाव ठेवलं. चिडवायचे, पण कौतुकानं. गादीवाल्याला आजवर कुणी कुठल्या गोष्टीवरून नावाजलं नव्हतं. त्याला ते आवडलं. माणसाला फुकटचं कौतुक सोडवत नाही, आणि याला तर नुसतं गप्प राहून मिळत होतं.

मग काय, रडका सिनेमा लागला की बायको दुकानात निरोप धाडायची, "तुमच्या आवडीचा लागलाय, लवकर या." गादीवाला निमूट जायचा. आंधळी बहीण, टाकलेली बायको, दवाखान्याच्या पायरीवर तान्हं मूल, सगळं त्यानं पाहिलं. तोंड मिटून जांभई दिली की डोळ्यांत पाणी येतं, ही विद्या त्यानं लवकरच आत्मसात केली. मनातून मात्र पार कंटाळून जायचा. छातीत गोळी लागलेला माणूस एवढं मोठं गाणं कुठल्या दमावर म्हणतो, हा त्याचा जुना प्रश्न होता आणि तो विचारायची सोय नव्हती.

त्याची खरी आवड वेगळी होती. त्याला राक्षस आवडायचे. राक्षस म्हणजे पोथीतले नव्हेत, सिनेमातले. समुद्रातून वर येणारा बंगल्याएवढा बेडूक, शहर चघळणारी पाल, प्रयोगशाळेतलं कसलंसं रसायन पिऊन फुगलेलं झुरळ. असले सिनेमे तेव्हा दुपारच्या खेळाला लागायचे आणि बघायला चार टवाळ पोरं आणि डुलक्या काढणारे म्हातारे असायचे. गादीवाल्यानं मोठ्या अकलेनं त्यांच्यात शिरकाव करून घेतला होता. थिएटरच्या फाटक्या खुर्च्या दुरुस्त करायचं काम त्याच्याकडेच असे. त्यानं मॅनेजरला पटवून दिलं, की नवी स्प्रिंग बसवली की तिच्यावर एक अख्खा खेळ बसून पाहावं लागतं, त्याशिवाय ती कुठे कुरकुरते ते कळत नाही. मॅनेजर बिचारा भला माणूस. "बसा की," म्हणाला. त्यानंतर त्या थिएटरात एकही खुर्ची एका दमात दुरुस्त झाली नाही.

आणि तो नुसता बसत नसे, तल्लीन होऊन जाई. बेडूक हात वर करून गर्जना करायचा आणि गादीवाल्याला त्याच्या बगलेतली उसवलेली शिवण दिसायची. पालीच्या पोटात फोम कमी भरलाय, म्हणून ती चालताना खपाटीला जाते, हे तो ओळखायचा. हा राक्षस आपल्याच धंद्यातल्या कुणीतरी, घाईत, अपुऱ्या सामानात शिवलाय, आणि आत एक माणूस घामानं निथळत हातपाय हलवतोय, या विचारानं त्याला भरून यायचं. हसूही यायचं. शेवटी सैन्य येऊन राक्षसाला मारायचं तेव्हा त्याचे डोळे भरायचे, ते मात्र गोंदाशिवाय.

हे घरी सांगायचं कसं? एकदा दोघं रस्त्यानं जाताना भिंतीवर तसलंच पोस्टर होतं. बायको थबकली, बघत राहिली आणि म्हणाली, "असले सिनेमे कोण बघत असेल हो?" गादीवाल्यानं पोस्टरकडे पाठ फिरवली. "रिकामटेकडे," असं म्हणून त्यानं विषय तोडला. ती पुढे चालू लागली. मग मुलगी झाली, मोठी झाली, लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली, आणि बाबा हळवे आहेत हे तीही सोबत घेऊन गेली.

झटका आला तो दुकानात, हातात सुई असताना. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. तोंडातून एकच अक्षर फुटे, 'बा'. मान हलवायला जावं तर होकाराची आडवी हले आणि नकाराची उभी, आणि कधी त्याच्याही उलट, त्यामुळे घरच्यांनी मानेचा नाद सोडला. शिवाय आणखी एक पीडा मागे लागली. काहीही वाटलं की रडू यायचं. चहा आवडला की रडू, मुलीचा फोन आला की रडू, हसू आलं तरी बाहेर पडताना त्याचं रडूच व्हायचं. डॉक्टरांनी मुलीला आणि तिच्या आईला समोर बसवून सांगितलं होतं, "या आजारात असं होतं. रडले म्हणजे दुःखच झालंय, असा अर्थ लावत बसू नका."

"मला सांगताय डॉक्टर?" बायको म्हणाली होती. "यांना मी आज ओळखते का? पहिल्यापासूनच हळवे आहेत."

मुलीनं जाताना एका पेनड्राइव्हवर बाबांच्या आवडीचे सिनेमे भरून दिले. सगळे आईचे, बहिणीचे, आजारपणाचे. ते बघून गादीवाल्याच्या काळजात चर्र झालं आणि अर्थातच डोळ्यांत पाणी आलं. "बघ, नुसतं नाव वाचूनच," बायको मुलीला म्हणाली.

तेव्हापासून रोज दुपारी गोळ्या झाल्या, की पाठीला उशी लागायची आणि समोर कुणीतरी मरायला लागायचं. गादीवाल्यानं डोळे मिटले तर बायको म्हणायची, "बघवत नाही ना?" त्यानं मोठ्या कष्टानं तोंड भिंतीकडे वळवलं, तर तिनं टीव्हीच भिंतीकडे सरकवला. डावा हात रिमोटकडे लांबवला, तर आवाज वाढवून मिळाला. ती सगळं मनापासून करत होती, हीच तर पंचाईत होती. वैतागून आदळआपट करणारी असती, तर त्याला निदान राग तरी धरता आला असता.

पडल्या पडल्या त्याला एकच गोष्ट कुरतडत राहायची. सिनेमाचं काय, मेला तो सिनेमा. पण ही बाई आपलं तोंड धुते, आपल्याला कुशीवर वळवते, आपल्यासाठी रात्र रात्र बसते, आणि ज्याचं करते तो माणूस आपण नव्हेच. तो कुणी दुसराच, पिवळ्या गोंदातून निघालेला. आपण मरू तेव्हाही ती त्यालाच रडेल. एकदा, फक्त एकदा तिला खरं कळायला हवं होतं. आणि बोलायला तोंड होतं तेव्हा याच शहाण्यानं ते मिटून ठेवलं होतं.

एक संधी आली, नाही असं नाही. व्यायाम करून घ्यायला एक तरुण मुलगी यायची. त्याचा हात उचलता उचलता ती पलंगावर टेकली ती नेमकी रिमोटवर. पडद्यावरची विधवा गेली आणि तिच्या जागी वाळूतून एक ट्रकएवढा खेकडा वर आला.

गादीवाल्याचा श्वासच अडकला. काय खेकडा होता! कवच म्हणजे सरळसरळ लाल रेक्झिन, तेही उलट्या बाजूनं लावलेलं. आठ पायांपैकी निम्मे नुसतेच लोंबत होते. कित्येक महिन्यांत नव्हता झाला एवढा आनंद त्याला झाला, आणि तो सगळा आनंद 'बा'ऽऽ अशी आरोळी होऊन, अश्रू होऊन, नाका-तोंडातून बाहेर पडला.

बायको स्वयंपाकघरातून धावत आली. "बंद करा ते! घाबरलेत ते!"

"काकू, एक मिनिट," ती मुलगी म्हणाली, "यांनी माझं बोट बघा कसलं घट्ट धरलंय. एवढा जोर कधी लावला नव्हता."

"घाबरलेला माणूस धरणारच की. लहान मूल नाही का धरत?" बायकोनं रिमोट ओढून घेतला. खेकडा गेला. तिनं त्याचे डोळे पुसले, पाठीवरून हात फिरवला, "गेला हं, गेला," म्हणाली. गादीवाल्याला स्वतःची एवढी चीड आली, की पुन्हा रडू आलं.

पुढे काही दिवसांनी, अशीच एक दुपार होती. गोळीनं त्याला झापड आली होती. जाग आली तेव्हा खोलीत आवाज नव्हता, पण भिंतीवर टीव्हीचा उजेड हलत होता. त्यानं डोळे किलकिले केले. बायको त्याच्या पायथ्याशी खुर्चीवर बसली होती, मांडीवर मटारचं ताट होतं, आणि आवाज पार बंद करून ती टीव्ही बघत होती.

पडद्यावर खेकडा होता. तोच. त्या वाहिनीवर तेच ते सिनेमे फिरून फिरून लागत.

गादीवाल्याला आधी वाटलं, ती चुकून बसलीय, आता बदलेल. पण तिनं बदललं नाही. मटार सोलायचं राहूनच गेलं होतं. खेकडा एका बंगल्याच्या दिवाणखान्यात शिरला तशी ती पुढे सरकली. मग खेकडा वळला, त्याचा मागचा एक पाय दारात अडकून तिथेच राहिला आणि बाकीचा खेकडा तसाच बिनदिक्कत पुढे गेला. बायकोनं तोंडावर हात दाबला. तिचे खांदे गदागदा हलायला लागले.

"अरे मेल्या, पाय," ती खेकड्याला पुटपुटली. "पाय विसरलास की रे तिकडे. कुणी शिवलंय हे?"

त्याच क्षणी तोच पाय त्यानंही पाहिला होता. उसवलेल्या टोकातून बाहेर आलेला पांढरा फोमही पाहिला होता. त्याच्या पोटातून हसू उसळून वर आलं. हे हसू बाहेर पडताना काय होणार, ते त्याला ठाऊक होतं. ते झालं की ती टीव्ही बंद करणार. म्हणून त्यानं दात आवळले. आयुष्यभर सोसलेल्या सगळ्या मरणाऱ्या आया, सगळ्या आंधळ्या बहिणी त्यानं ओळीनं आठवल्या, हसू आवरावं म्हणून. थोडा वेळ आवरलंही. दोघं एकाच खोलीत, एकच खेकडा बघत होती, आणि त्याला वाटलं, एवढा एक खेळ पुरा होऊ दे, दुसरं काही मागणार नाही.

मग खेकडा आपला पाय न्यायला परत आला.

"बाऽऽ!"

ताट खाली पडलं. बायकोनं झटक्यात टीव्ही बंद केला आणि चोरी पकडल्यासारखी उभी राहिली. "जागे झालात? मी आपलं सहज… कुठलं तरी लागलं होतं." ती जवळ आली. त्याच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. ती बघत राहिली आणि तिचाही चेहरा पडला.

"खरं सांगू का?" ती म्हणाली. "मला असलंच आवडतं. लग्नाआधीपासून. भावाबरोबर चोरून जायचे. तुम्हाला कधी बोलले नाही. म्हटलं, एवढ्या हळव्या मनाचा माणूस, काय वाटेल यांना, बाई आहे की कोण. तुमचं बघून मीही ते रडके शिकले बघायला. जमलं नाही कधी नीट."

गादीवाल्यानं मान हलवली. हो, हो, अगं मलाही. ती आडवी हलली. त्यानं पुन्हा जोर लावून हलवली, ती आणखी आडवी हलली. "बा," तो म्हणाला. "बा, बा, बा."

"नाही, नाही, नाही लावत," ती घाईघाईनं म्हणाली. "चुकलं माझं. तुमच्यासमोर पुन्हा नाही बघायची मी हे."

तिनं पेनड्राइव्ह लावला. उशी नीट केली, त्याचे डोळे पुसले. अख्ख्या संसारात ती त्याला एवढी आपली कधी वाटली नव्हती, आणि ते सांगायची कुठलीच वाट त्याच्या अंगात शिल्लक नव्हती. पडद्यावर एक म्हातारा मुलाची वाट बघत दारात बसला. बायको खाली बसून सांडलेले मटार वेचू लागली. मटार वेचून झाले तरी ती उठली नाही, आणि तिनं टीव्हीकडे एकदाही पाहिलं नाही.