पट्टीबाईंच्या बावीस नोंदी

शाळेत त्यांना सगळे पट्टीबाई म्हणत. मारायची पट्टी नव्हे. सत्तावीस वर्षांत ती त्यांनी कुणावर उगारलीसुद्धा नव्हती. त्यांच्या सुतार वडिलांनी उरलेल्या लाकडाला रंधा मारून ही पट्टी केली होती, फूटभर लांब, आता कडेचे आकडे पुसून गेलेली. हजेरी भरताना, गुण चढवताना बाई ती ओळीखाली ठेवत आणि एकेक ओळ खाली सरकवत. घरी वाण्याची यादीसुद्धा पट्टी लावून. वहिनी म्हणायची, "वन्सं, साखरेखाली रेघ मारली म्हणून ती काही जास्त गोड लागत नाही."

बाईंना एकाच गोष्टीचा अभिमान होता. त्यांनी भरलेल्या प्रगतिपुस्तकात आजवर एकही खाडाखोड नव्हती. नवी शिक्षिका आली की मुख्याध्यापिका तिला बाईंचा गठ्ठा दाखवून म्हणत, "हे असं पाहिजे." बाई तेव्हा खिडकीबाहेर बघत, पण कान तिकडेच असत.

मुलींची शाळा होती आणि त्या वर्षी बाईंच्या वर्गात चाळीस जणी होत्या. प्रत्येकीबद्दल दोन वाक्यं त्या आधी कच्च्या वहीत लिहीत, हजेरीच्या क्रमाने एकाखाली एक. नाव नाही, नंबर नाही; बाईंना क्रम तोंडपाठ, मग शाई कशाला वाया घालवायची? सहामाहीच्या तोंडावर अठरा नंबरच्या मुलीच्या वडिलांची बदली झाली. ती दाखला घेऊन गेली, तिचं प्रगतिपुस्तकही गेलं, पण कच्च्या वहीतली तिची ओळ तिथेच राहिली. नोंदी प्रगतिपुस्तकांत उतरवून झाल्यावर शेवटी एक उरली. गेलेलीची असणार, असं म्हणून बाईंनी वही मिटली.

प्रगतिपुस्तकं वाटल्याला आठवडा झाला. मधल्या सुट्टीत कोपऱ्यावरची इस्त्रीवाली वर्गात आली. चोवीस नंबरच्या मुलीची आई. प्रगतिपुस्तक तिने दुकानातल्या कपड्यांसारखं कागदात गुंडाळून आणलं होतं.

"बाई, हे तुम्हीच लिहिलंय ना? सगळ्या वर्गाला गोष्ट सांगते, हात आधी हिचाच वर असतो?"

"अक्षर माझंच आहे," बाई म्हणाल्या.

"मी येईल त्या गिऱ्हाइकाला दाखवलं हो. आणि पोरगी म्हणते, आई, हे माझं नाही, बाई चुकल्या. मी म्हटलं, एक वेळ सूर्य पश्चिमेला उगवेल, पण पट्टीबाई चुकायच्या नाहीत. ऐकेचना. मग घातले दोन धपाटे. बाईंना खोटं पाडते म्हणजे काय! आता तुम्हीच सांगा तिला."

चोवीस नंबर आणि गोष्ट? बाईंनी कपाटातून कच्ची वही काढली आणि पट्टी अठराव्या ओळीखाली ठेवली. मग सगळं दिसलं. गेलेल्या मुलीची नोंद एकोणीस नंबरला गेली होती, एकोणिसावीची विसावीला, आणि असं थेट चाळीसपर्यंत. बावीस प्रगतिपुस्तकं चुकीची. चोवीसला मिळालेली गोष्ट तिच्या बाकावरच्या तेवीस नंबरची होती. एकाही पालकाची तक्रार आली नव्हती.

इस्त्रीवाली तोंडाकडे बघत उभी होती. "बरोबर आहे" एवढं म्हटलं असतं तर ती हसत घरी गेली असती आणि सत्तावीस वर्षं जशीच्या तशी राहिली असती. बाईंना तो मोह झाला, आणि चांगला मिनिटभर झाला.

"तुमची मुलगी खरं बोलली," त्या म्हणाल्या. "चूक माझी."

इस्त्रीवाली जवळच्या बाकावर बसली. "आणि मी तिला मारलं," ती म्हणाली. मग वहीकडे बोट दाखवून, "मग माझीचं काय लिहिलंय?"

बाईंनी पट्टी चोविसाव्या ओळीखाली नेली. तिथे होतं, 'शांत. त्रास नाही.' पहिल्या चाचणीच्या वेळीही हेच लिहिलं होतं, हे बाईंना आठवलं, आणि त्यांना स्वतःची लाज वाटली. चुकीच्या नोंदीपेक्षा ही बरोबर नोंद वाईट होती. त्यांनी पट्टी उचलून त्या ओळीवरच ठेवली, ओळ झाकली.

"तिचं लिहायचं राहिलंय," त्या म्हणाल्या. "परवा देते."

मुख्याध्यापिकेने सगळं ऐकून घेतलं आणि दार लोटलं. "बाई, कुणाला कळलंय का? झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मूठ माझी आहे, पण मार त्या पोरीने खाल्लाय."

बाईंनी बावीस प्रगतिपुस्तकं परत मागवली. चुकीच्या प्रत्येक नोंदीवर पट्टी लावून लाल रेघ मारली, खाली खरी नोंद आणि सही. नवी शिक्षिका शेजारी बसून बघत होती. बाईंनी या वेळी खिडकीबाहेर पाहिलं नाही. चोवीस नंबरचं त्यांनी शेवटी ठेवलं. दोन दिवस त्या मुलीकडे बघत होत्या. ती पेन्सिलीला टोक करायची, फळ्यावरचं उतरवायची, बाकी काही नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी लिहिलं, 'आपलं नसलेलं कौतुक घेत नाही. बाईंची चूक बावीस जणींत हिलाच कळली.' सत्तावीस वर्षांतली ही आपली सर्वांत चांगली नोंद आहे, असं त्यांना वाटलं, आणि त्यांनी मुलीला टेबलाशी बोलावलं.

मुलीने उभ्याउभ्या वाचलं. पुन्हा वाचलं. जायला वळली आणि थांबली.

"बाई, हे पण चुकलंय."

"काय?"

"मला एकटीला नाही कळलं. माझ्या बाकावरचीला पण कळलं होतं. ती म्हणाली, बाईंना कोण सांगणार?"

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग प्रगतिपुस्तक तिच्या हातातून घेतलं, लाल पेनाचं टोपण काढलं आणि दुसऱ्या वाक्याखाली पट्टी ठेवली.